वसईचा दुसरा तह

वसईकराला तह शिकवू नये. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी इथेच इंग्रजांशी तह केला. गादी पेशव्यांची, मानमरातब पेशव्यांचा. फौज मात्र इंग्रजांची, तिच्या खर्चापोटी सव्वीस लाखांचा मुलूख पेशव्यांनी द्यायचा, आणि परक्यांशी बोलायचे तर इंग्रजांना विचारून! संगणकावरचे खेळ हल्ली याच तहाने विकले जातात.

आमच्या पुतण्याने चार हजार रुपये मोजून एक खेळ 'घेतला'. मी म्हटले, "दाखव बघू." तो म्हणाला, "काका, तो दाखवता येत नाही, नुसता खेळता येतो. तेही नेट असेल तर." पूर्वी मारिओची कॅसेट घरात आली की आपली. फुंकर मारून लावावी, शेजाऱ्याला आठ दिवस द्यावी, कंटाळा आला की दुकानात बदलून आणावी. आता यातले काहीच नाही. उरली फक्त फुंकर, ती पैशांवर.

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' हा मोटारींचा खेळ २०१४ साली आला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि रोख पैसे मोजलेल्यांच्याही गाड्या कायमच्या थांबल्या. एकट्याने खेळतो म्हटले तरी सोय नाही! कारण विकला होता तो खेळ नव्हे, खेळण्याचा परवाना.

कुलपे कशाला, असे विचारले तर म्हणतात, चोर फार झालेत. अहो, पण चोराकडची प्रत कुलूप फोडलेलीच असते. ती बहुधा नेटशिवाय सुखाने चालते. हजेरी द्यायची ती पैसे मोजणाऱ्याने. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. उलट 'गॉग' नावाचे पोलंडचे दुकान २००८ पासून बिनकुलपाचे खेळ विकते आहे, आणि अजून बुडालेले नाही.

भाड्याला आमची ना नाही. पागडीच्या खोलीत पिढ्या गेलेली माणसे आहेत. पण दारावर 'मालक' अशी पाटी कोणी लावली नाही. इथे बटणावर चक्क 'विकत घ्या' लिहिलेले असते! कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला: कायमचे देणार नसाल तर परवाना देतोय हे स्पष्ट सांगा. एवढे आपल्याकडेही व्हावे. भाडे घ्या, पण भाडे म्हणा. आणि विक्री म्हणणार असाल, तर दुकान बंद करताना किल्ली तेवढी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून जा.