चाळणी कोणाच्या हातात? : पुस्तक-प्रकाशनाच्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल

कसं लिहायचं यावर आपल्या चळवळीत पन्नास वर्षं वाद झाला. दलित म्हणायचं की आंबेडकरवादी, शिवी कवितेत चालते का, सौंदर्यशास्त्र कोणाचं. चर्चासत्रं झाली, चर्चासत्रांवर प्रबंध झाले. पण लिहिलेलं छापतो कोण, किती छापतो, कोणाला विकतो, न खपलेल्या गठ्ठ्यांचं काय करतो, यावर वाद सोडा, धड बैठक झाल्याचंही ऐकिवात नाही. छपाई म्हणजे हमाली, असं आपणही धरून चाललो. डोकं लेखकाचं, हात कंपोझिटरचे! मित्रांनो, ही वाटणी कोणाची आहे ते मी सांगायला नको. ज्याला रोज शिव्या देतो त्याचीच आहे, फक्त आता आपल्या तोंडून बोलते.

त्यामुळं पुस्तक-प्रकाशन हा विषय पदवीच्या वरच्या पातळीवर शिकवतात, हेच आपल्या पोरांना ठाऊक नसतं. इंग्लंडात ऑक्सफर्ड ब्रुक्सला, स्कॉटलंडात स्टर्लिंगला त्यात पदव्युत्तर पदवी घेता येते. आपल्याकडं इग्नूनं पुस्तक-प्रकाशनाची पदव्युत्तर पदविका चालवली, घरी बसून करता येण्यासारखी. कलकत्त्यात जादवपूर विद्यापीठानं संपादन-प्रकाशन शिकवलं, दिल्लीत बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठानं पदविका काढली, नॅशनल बुक ट्रस्टचे वर्ग असतात. शिकवतात काय? हस्तलिखित निवडणं, संपादन, मुद्रितशोधन, पानाची मांडणी, कागद-छपाई-बांधणीचा खर्च, विक्री, वितरण, कॉपीराईटचा कायदा. यातला एकही विषय फालतू नाही. एकूण एक आपल्या कामाचा.

माझं भांडण पहिल्याच धड्याशी आहे. हस्तलिखित निवडणं.

मी डाळमिलमध्ये काम करतो. तूर फुटली की चाळणीवर येते. वर राहिली ती डाळ. तिला पॉलिश, तिला कट्ट्यावर छाप, तिला शहराचा भाव. खाली पडली ती चुनी, ढोरांना. चाळणीची भोकं केवढी ठेवायची हे तूर ठरवत नाही आणि चाळणीपाशी उभा असलेला मीही ठरवत नाही. प्रकाशनाचं शिक्षण या निवडीला तंत्र म्हणून शिकवतं: बाजार बघा, वाचक बघा, आपल्या यादीत बसतं का बघा. भोकांचं माप कोणी घेतलं, हा प्रश्न त्या धड्यात यायला पाहिजे. 'प्रमाण भाषा' हे एक भोक आहे. 'आमचा वाचक' हे दुसरं. अन् पहिली चाळणी तर प्रकाशकाच्या दारात नसतेच. बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमुचं' लिहिलं ते घरच्यांपासून वह्या लपवून, वर्षानुवर्षं. पुस्तक आलं १९८६ ला. ती चाळणी आपल्याच छपराखाली होती, हेही लिहून ठेवा.

आता बाबासाहेबांकडं या. आपण त्यांना घटनाकार म्हणतो, अर्थशास्त्रज्ञ म्हणतो. प्रकाशक म्हणून कोण शिकवतं? ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक', १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० ला 'जनता', १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. छत्तीस वर्षं हा माणूस कागद, शाई, वर्गणी आणि टपालाच्या तिकिटाशी झगडत होता. १९३६ चं प्रकरण तर कुठल्याही अभ्यासक्रमात सबंध तासभर शिकवण्यासारखं आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. मंडळाचं म्हणणं, भाषण लाहोरला छापू, स्वस्त पडेल. बाबासाहेबांनी ऐकलं नाही, मुंबईलाच छापायला घेतलं. पुढं मंडळाला मजकूर खुपला. हे गाळा, ते सौम्य करा. बाबासाहेब स्वल्पविरामही हलवायला तयार झाले नाहीत. संमेलन बारगळलं, भाषण झालंच नाही. पण खिळे मुंबईत जुळलेले होते! त्यांनी ते पदरच्या पैशानं काढलं आणि १५०० प्रतींची आवृत्ती दोन महिन्यांत संपली. मजकूर लाहोरच्या छापखान्यात असता तर 'जातिभेदाचे निर्मूलन' आपल्या हातात कोणत्या रूपात आलं असतं, याचा विचार करा. संपादकाचा हक्क कुठं संपतो आणि छापखाना कोणाच्या गावात असावा, हे दोन्ही धडे या एका पुस्तकात आहेत.

वीस वर्षांनी दुसरा धडा, जास्त कडू. १४ सप्टेंबर १९५६ ला बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिलं. बुद्धावरचा ग्रंथ छापायला वीस हजारांच्या घरात खर्च येतोय, तो आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, सरकारनं ५०० प्रती घ्याव्यात. दुसऱ्याच दिवशी उत्तर: त्यासाठी ठेवलेली रक्कम संपली, पत्र राधाकृष्णन यांच्याकडं पाठवतो, बुद्ध जयंतीच्या वेळी पुस्तक विक्रीला ठेवता येईल. म्हणजे दुकान मांडा! घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, देशाचा पहिला कायदामंत्री, आणि ५०० प्रतींचं आगाऊ गिऱ्हाईक मिळेना. ग्रंथ १९५७ ला सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनानं काढला. तोवर लिहिणारा गेला होता. भांडवल, आगाऊ मागणी, सरकारी खरेदी हे शब्द वर्गात शिकवताना हे पत्र समोर ठेवलं तर पोरांना 'वितरण' म्हणजे काय ते वेगळं समजावून द्यावं लागणार नाही.

सरकार पुढं प्रकाशक झालं तेव्हा काय झालं? १९७९ पासून महाराष्ट्र शासनानं 'लेखन आणि भाषणे'चे खंड काढले. वसंत मून यांनी त्यात आयुष्य घातलं, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण छापणं हे सरकारच्या मर्जीवर राहिलं. डिसेंबर २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयानं वर्तमानपत्रातल्या बातमीवरून आपणहून दखल घेतली. बातमी अशी होती: नऊ लाख प्रती छापायचं ठरलं, पाच कोटी पंचेचाळीस लाखांचा कागद घेतला, छापल्या तेहेतीस हजार. मागणी नव्हती म्हणावं तर सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन या. पोटाला चिमटा घेऊन पुस्तक विकत घेणारा एवढा वाचक दुसऱ्या कोणत्या लेखकाला आहे? एवढी मागणी असून माल गोदामात कसा अडकतो, हा प्रबंधाचा विषय आहे. कोणी तरी घ्या.

कायद्याचा भागही आपण सोडून दिलाय. लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क चालतो. म्हणजे बाबासाहेबांनी हयातीत छापलेलं १ जानेवारी २०१७ पासून सगळ्यांचं झालं. पण मरणोत्तर छापलेल्याची साठ वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात. 'रिडल्स' १९८७ ला खंडात आलं, तेव्हा त्याचा हिशेब २०४७ अखेरपर्यंत जातो. अण्णा भाऊ १९६९ ला गेले, त्यांचं हयातीत छापलेलं २०३० ला मोकळं होईल. चौदा एप्रिलला स्टॉल लावणाऱ्या, पुस्तिका काढणाऱ्या पोरांना हे पाठ पाहिजे. नसलं की कोणीही दम देतो आणि आपण गप बसतो.

आता आपलं उणं. आपल्या पुस्तिकांवर साल नसतं. प्रकाशकाचा पत्ता नसतो. मुद्रणदोष इतके की बुद्धाच्या जागी बुध्द अन् बुध्दाच्या जागी भलतंच. आयएसबीएन नसतो. का तर म्हणे पैसे लागतात. भारतात तो फुकट मिळतो! १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कलकत्ता, चेन्नई, मुंबई, दिल्ली या चार ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. आपण पाठवत नाही. मग उद्याचा संशोधक ग्रंथालयात जातो, त्याला काही सापडत नाही, आणि तो लिहितो की या भागात लेखन झालं नाही. प्रस्थापितांनी आपल्याला वगळलं हे खरं, पण इथं वगळायचीही गरज उरली नाही. हा नकार नाही, विद्रोह तर मुळीच नाही, हा आळस आहे. पुण्यात विलास वाघ आणि उषाताईंनी सुगावा चालवलं, औरंगाबादेत पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श' चालवलं, नागपुरात २०१६ ला पँथर्स पॉ उभं राहिलं आणि आपल्या मराठीतलं इंग्रजीत नेऊ लागलं. यातलं कुठलंही काम निव्वळ तळमळीवर झालेलं नाही. हिशेब, प्रूफं, पार्सलं, वसुली यांवर झालंय. वसुली हा तर आपल्याकडं शिवीसारखा शब्द. कार्यकर्ता पुस्तकं घेऊन जातो आणि पैसे मागितले की चळवळीचं तत्त्व सांगतो.

तेव्हा पदविका करा, असं मी धाराशिवच्या, कळंबच्या, उमरग्याच्या पोरांना सांगतो. एम. ए. मराठी करून बीएडच्या रांगेत बसलेले शंभर असतील. त्यातल्या दोघांनी इकडं वळावं. नोकरी मोठी लागेल असं मी म्हणत नाही. पुस्तकाचा धंदा पुण्या-मुंबईत, दिल्लीत. भाडं कोण देणार? शिक्षणाची पुस्तकंही बहुतेक इंग्रजीत. ही अडचण खरी आहे, तिच्यावर भाषण करून ती जात नाही. म्हणून मराठीत शिकवा ही मागणी आपली पाहिजे. मराठवाड्यात, ज्या विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षं रक्त सांडलं त्या विद्यापीठात, धाराशिवच्या उपपरिसरात पाहिजे. आणि त्यात आंबेडकरी प्रकाशनाची एक अख्खी प्रश्नपत्रिका पाहिजे, तळटीप नको.

जानेवारी २०२० ला त्र्याण्णवावं साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं. पुस्तकांचे गाळे आले, तीन दिवसांनी तंबू उठले. गावाला किती पुस्तकं विकली ते सांगितलं, गावातून किती पुस्तकं निघाली ते विचारलं नाही. निघाली असती. कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. ते ऐकलेली माणसं आता जवळजवळ संपली, पण त्यांनी पोरांना सांगितलेलं अजून तोंडी आहे. ते उतरवून घेणं, सोळा पानांचा एक फर्मा, ५०० प्रती, पहिल्या पानावर साल आणि पत्ता, चार प्रती चार ग्रंथालयांना. जो कोणी प्रकल्प म्हणून हे करील त्याचं मुद्रितशोधन मी रात्रपाळी सुटल्यावर करून देईन.