मेलेल्यांचा सूड, जित्यांचा हक्क

रामसे बंधूंच्या 'हॉटेल' (१९८१) या चित्रपटात धनिक मंडळी फसवणुकीने कबरस्तान बळकावून त्यावर हॉटेल बांधतात. मग मेलेले उठून सूड घेतात. भीती भडक आहे. तरीही भुतापेक्षा जमीन लुबाडणारा भयंकर, हे हा चित्रपट ओळखतो, आणि ते मला मोलाचे वाटते. परंतु न्यायाचे काम तो प्रेतांवर सोपवतो, इथेच त्याची फसगत होते. अकोला-अमरावतीकडच्या आमच्या वडीलधाऱ्यांनी हॉटेलमालकाची दहशत वेगळ्या ठेवलेल्या कपबशीत पाहिली. ती कुठल्या भुताने मोडली नाही. १९२७ साली अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी माणसे उभी राहिली; पुढे संविधानाच्या १५व्या कलमाने हॉटेलप्रवेश हा हक्क ठरवला. जित्यांच्या संघटनेवर ज्याचा विश्वास नाही, तोच मेलेल्यांची वाट पाहतो.