तीन स्वरांची अंगाई

देवळातील भजनवर्गात पेटी शिकणारी मुले घरच्या कीबोर्डवर व्हिडिओ गेममधील सुरावटी काढू लागली, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. आठ्या पडायच्याच असतील तर त्या ऐकल्यानंतर पडाव्यात, एवढेच आमचे म्हणणे आहे. म्हणून अशा एका सुरावटीचा येथे विचार करतो.

ही सुरावट म्हणजे कोजी कोंदो या जपानी संगीतकाराने निन्टेन्डो कंपनीच्या खेळासाठी रचलेली राजकन्या झेल्डाची अंगाई. १९९१ च्या खेळात ती प्रथम आली. १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’ने ती सर्वतोमुखी केली. ओकारिना हे मुळात मातीचे, अंड्याच्या घाटाचे फुंकवाद्य. खेळात नायकाच्या हातातील हे वाद्य खेळणाऱ्याला पाच कळांवर वाजवावे लागते आणि ही अंगाई त्याला स्वतःच म्हणावी लागते. डावी, वरची, उजवी, पुन्हा तेच. सहा कळा दाबल्या की झाले.

पांढरी पाचला षड्ज धरला तर ते स्वर ‘ग प रे’ असे होतात. गांधार दोन मात्रा, पंचम एक आणि मग ऋषभावर विसावा. पहिले तीन स्वर ऐकून कोणास भूप आठवेल. परंतु पुढे तोच पंचम तार ऋषभावर झेप घेतो, आणि ‘सां प म ग’ असे उतरताना मध्यम लागतो. भूपाचा भास तेथेच सरतो. आम्हांस मोलाचे वाटते ते हे, की षड्ज केवळ ओझरता येतो आणि ओळ ऋषभावरच थांबते. घर दिसते, पण उंबरा ओलांडला जात नाही. निजणाऱ्या मुलासाठी गाणे पुन्हा पुन्हा म्हणावयाचे असते. रचनेने ते नेमके ओळखले आहे. तीन मात्रांचे माप पाहून कोणी दादऱ्याचा ठेका जोडू नये. पाळणा डोलायचा सोडून नाचू लागेल.

पेटीवरून कीबोर्डकडे आलेल्या मुलाची खरी अडचण निराळी आहे. पेटीत डावा हात भात्यावर. सुराचा लहानमोठेपणा भात्याचा, आणि भाता चालू आहे तोवर सूर टिकतो. पियानोच्या आवाजात सूर उमटताक्षणी विरू लागतो, आणि त्याचे वजन बोटाच्या आघातावर ठरते. तो ऋषभ विरताना ऐकावा लागतो. पडद्यावरून घसरणाऱ्या रंगीत पट्ट्या पाहून बोटे टाकणाऱ्यास हे कधीच कळत नाही; त्याला पट्टी सापडते, सूर नव्हे. आधी सरगम गळ्यातून यावी, मग एकटा उजवा हात, आणि डाव्या हाताने खर्जातील मोजके स्वर सर्वांत शेवटी.

पेटीला मींड नाही म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केले होते. १९७१ पासून ती बंदी सैल होत गेली. तोच आक्षेप कीबोर्डवर घेणाऱ्यांना आमचे सांगणे असे, की या सुरावटीला मींड लागतच नाही. ती सुट्या स्वरांचीच आहे. आमचा आक्षेप वाजवणाऱ्यांवर आहे. गाणे ‘पुरे’ व्हावे म्हणून कित्येक जण अखेरीस षड्ज जोडतात. तो जोडू नये. ऋषभावरून बोट उचलावे, आणि पुन्हा गांधारापासून आरंभ करावा.