पडक्या भिंतींचे प्रवासवर्णन

दिवाळीचा फराळ आणि प्रवासाच्या गप्पा यांचे आमच्या घरी जुने नाते आहे. चकलीचे पहिले ताट संपते न संपते तोच कुणी बद्रीनाथला पोचतो, कुणी लंडनच्या पुलावर उभा राहतो. गेल्या दिवाळीत मात्र माझी पुतणी सांगलीच्या आमच्या ओसरीवर थेट पेरू देशाचा समुद्रकिनारा घेऊन आली. चाळीस पानांचा गठ्ठा तिने माझ्यापुढे ठेवला नि म्हणाली, "काका, छापायला द्यायचंय. खरं सांगा हं, गोड बोलू नका." जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला असे सांगणे धोक्याचे असते. मी तांबडी पेन्सिल शोधायला उठलो.

पेरू म्हटले की आपल्याला इंका आठवतात, डोंगरमाथ्यावरचे माचूपिचू आठवते. पण इंकांचे साम्राज्य हे त्या देशाच्या इतिहासातले फार उशिराचे प्रकरण. ते वाढले पंधराव्या शतकात. त्यापूर्वी हजारो वर्षे खाली किनाऱ्याच्या वाळवंटात माणसांनी नगरे उभारली होती. सुपे नदीच्या खोऱ्यातले कराल हे नगर तर इसवी सनापूर्वी अडीच हजार वर्षांच्या सुमाराचे. म्हणजे आपल्या मोहेंजोदडोच्या काळातले. पुढे उत्तर किनाऱ्यावर मोचे लोक आले, त्यांच्यानंतर चिमू आले. चिमूंची राजधानी चान चान. संपूर्ण मातीचे हे शहर सुमारे वीस चौरस किलोमीटर पसरले होते. 1470 च्या सुमारास इंकांनी ते जिंकले. माझी पुतणी या सर्व ठिकाणी जाऊन आली होती. एवढी श्रीमंत सामग्री हाती असताना तिच्या लेखाच्या पहिल्याच पानावर 'शब्द अपुरे पडतात' हे वाक्य मला तीनदा भेटले.

शब्द अपुरे पडतात हे खरे असेल, पण मग लिहायचे कशाला? वाचकाने पदरचे पैसे मोडून अंक घेतलेला असतो तो शब्दांसाठीच.

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मराठीत उपेक्षित नाही. वरसईचे गोडसे भटजी 1857 साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते आत होते. 'माझा प्रवास' त्यांनी बऱ्याच वर्षांनी आठवणीतून लिहून काढला. 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी तो फेरफार करून छापला आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम तो वाचकांपुढे यायला 1966 साल उजाडले, तेही दत्तो वामन पोतदारांमुळे. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे'ने 1940 साली या लेखनाला नवे वळण दिले. गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे', पु. लं.ची 'अपूर्वाई' ही तर घराघरांत वाचली गेलेली पुस्तके. अलीकडे मीना प्रभूंनी 'दक्षिणरंग'मधून दक्षिण अमेरिका मराठी वाचकाच्या माजघरात आणली. मग माझ्या पुतणीचेच घोडे कुठे अडले?

मला वाटते, अडचण अवशेषांची आहे. जिवंत शहरात लेखकाला माणसे भेटतात. कुणी त्याला फसवतो, कुणी जेवू घालतो, भाषेचा घोटाळा होतो, हसू येते. लेखन आपोआप चालू लागते. पडक्या भिंतीपुढे मात्र लेखक एकटा असतो. भिंत बोलत नाही, म्हणून मग तोच बोलत सुटतो. असे झाले की त्याला तीनांपैकी एक रोग हमखास जडतो.

पहिला रोग उसाशाचा. 'कुठे गेले ते राजे, कुठे गेले ते वैभव!' हा उसासा कोणत्याही पडक्या वास्तूपुढे सारखाच शोभतो. म्हणूनच तो कोणत्याच वास्तूविषयी काही सांगत नाही. दुसरा रोग तुलनेचा. 'हे तर त्यांचे अजिंठा!' असे म्हटले की लेखकाचे आणि वाचकाचे, दोघांचेही पाहण्याचे श्रम वाचतात. तिसरा रोग सर्वांत घातक, तो चमत्काराचा. पेरूच्या दक्षिणेला नाझ्काच्या माळावर जमिनीवर मैलच्या मैल रेषा नि प्रचंड पशुपक्षी काढलेले आहेत. ते आकाशातूनच नीट दिसतात, म्हणून परग्रहावरच्या लोकांनी आपली विमाने उतरवण्यासाठी ते काढले, अशी आवई 1968 पासून एरिक फॉन डॅनिकेनच्या पुस्तकाने जगभर पसरवली. माझ्या पुतणीनेही 'कुणी सांगावे!' असे म्हणून दोन परिच्छेद त्यावर खर्च केले होते.

मी ते दोन्ही परिच्छेद खोडले. वरचे काळपट दगड बाजूला सारले की खालची फिकट जमीन उघडी पडते. नाझ्काच्या रेषा या एवढ्याच युक्तीने काढल्या आहेत. पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून त्या टिकल्या. मारिया रायखे नावाची जर्मन बाई कित्येक वर्षे त्या माळावर राहिली. हातात केरसुणी घेऊन तिने रेषा झाडल्या, मोजल्या, जपल्या. परग्रहवासीयांपेक्षा ही केरसुणी मला अधिक अद्भुत वाटते. जिथे माणसांनी घाम गाळला तिथे परग्रहवासी आणून बसवणे म्हणजे त्या माणसांची मजुरी दुसऱ्यांदा बुडवणे होय.

हे मी तावातावाने समासात लिहिले आणि तिथेच पेन्सिल थांबली. कारण मला माझाच एक लेख आठवला.

माझे बालपण कराडचे. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात ते गाव. कराडपासून चारपाच किलोमीटरवर जखिणवाडीजवळ आगाशिवाचा डोंगर आहे आणि त्याच्या अंगावर बौद्ध लेणी आहेत. लहानमोठी धरून साठाच्या वर. दोन हजार वर्षांपूर्वीची. त्याही आधी, मध्य भारतातल्या भरहुतच्या स्तूपाला देणग्या देणाऱ्यांत 'करहाकट' गावचे लोक होते, असे तिथले लेख सांगतात; हे करहाकट म्हणजे आपले कराड असे विद्वान मानतात. अशा गावचा मी. मास्तर झाल्यावर शाळेच्या वार्षिकात मी आगाशिवावर लेख लिहिला. त्यात 'काळाच्या उदरात' होते, 'गूढ शांतता' होती, वेरूळशी तुलना होती. आणि शेवटी, 'ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली असे येथील अडाणी लोक समजतात,' असा एक ऐटीचा टोला होता.

ते अडाणी लोक म्हणजे माझी आजी. त्या श्रावणी सोमवारी मी तिच्याबरोबरच डोंगरावर गेलो होतो. ती माथ्यावरच्या महादेवाला निघाली होती, मी लेण्यांना. वाटेत लेण्यांजवळच्या पाण्याच्या टाक्यापाशी ती टेकली. हातपाय धुतले, डोळ्यांना पाणी लावले आणि म्हणाली, "ज्यानं कुणी ही सोय केली, त्याचं भलं होवो बाबा." मी वहीत काही लिहिण्यात गुंग होतो. तिचे वाक्य मी लिहिले नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी मी आगाशिवाच्या एका शिलालेखाविषयी वाचले. त्या काळच्या दानलेखांची रीत ठरलेली असे: अमक्याच्या मुलाने, अमक्याने, हे लेणे किंवा ही पाण्याची पोढी धर्मार्थ दिली. आगाशिवाचा लेखही तसाच, संघमित्र नावाच्या माणसाने दिलेल्या लेण्याचा. त्या दात्याला हवे होते पुण्य, आणि पुण्य म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने मनापासून म्हटलेले 'भले होवो'. आजीने ते दोन हजार वर्षांनी त्याला पोचते केले होते. लेणे कशासाठी आहे हे तिला कळले होते. पांडवांचे नाव तिने चुकीचे घेतले असेल, पण कुणीतरी माणसाने, आपल्यासारख्यांसाठी, कष्टाने हे केले, हा तिचा हिशेब बरोबर होता. डॅनिकेनच्या नि तिच्या गोष्टीत हा फरक आहे. आणि माझा लेख त्या डोंगराविषयी आजीइतकेही सांगत नव्हता.

म्हणून मी पुतणीचा गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. या वेळी तिने स्वतः खोडलेल्या ओळींसकट. आणि काय सांगू, खरा लेख त्या खोडलेल्या ओळींतच होता! चान चानजवळच्या वांचाको गावात तिला एक म्हातारा कोळी भेटला होता. टोटोरा नावाच्या लव्हाळ्याच्या पेंढ्या बांधून तो होडी तयार करीत होता. अशाच होड्या मोचे लोकांच्या मडक्यांवर दिसतात. त्याच्या बोटांना पडलेले घट्टे, होडी वाळवण्यासाठी उभी करून ठेवण्याची पद्धत, हे सगळे तिने टिपले होते आणि 'विषयांतर' म्हणून त्यावर काट मारली होती. मी त्या काटेवर काट मारली.

दुसरी खोडलेली ओळ विटांविषयी होती. मोचे नदीकाठचे सूर्याचे मंदिर म्हणून ओळखले जाणारे मातीचे प्रचंड बांधकाम कोट्यवधी कच्च्या विटांचे आहे, आणि त्या विटांवर निरनिराळ्या खुणा आहेत. शंभरावर तऱ्हेच्या. कुठल्या गावच्या टोळीने किती विटा घातल्या, याचा बहुधा तो हिशेब. संघमित्राने आपले नाव दगडात कोरले. या मजुरांनी ओल्या मातीत बोट फिरवले. इतिहासाच्या पुस्तकात राजांची यादी असते, पण प्रवाशाला ही बोटाची खूण दिसायला हवी. पुढे स्पॅनिश लोकांनी सोन्याच्या हव्यासाने नदीच त्या मंदिरावर वळवली आणि त्याचा मोठा भाग वाहून नेला. एवढे एक वाक्य नीट लिहिले तर उसाशाची गरज उरत नाही.

त्या वाळवंटाचे वर्णनही तिने 'रखरखीत' या एका शब्दात उरकले होते. वास्तविक आपण सातारा-सांगलीकडच्या लोकांना ते अधिक चांगले समजायला हवे. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्याच सह्याद्रीच्या आडोशामुळे पूर्वेकडे माण-आटपाडीला पाचशेच्या आसपास पडतो. पेरूच्या किनाऱ्याशी समुद्राचा थंड प्रवाह वाहतो. तो धुके देतो, पाऊस देत नाही. शेती पिकते ती अँडीज पर्वतातून उतरणाऱ्या नद्यांच्या पाटांवर. कोरड्या मुलखाविषयी कसे लिहावे हे शिकायला दूर जायला नको. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 साली पुस्तकरूपाने आली. त्यात माळ 'रखरखीत' आहे म्हणून ते थांबत नाहीत. त्या माळावर मेंढरू काय खाते आणि माणूस काय खातो हे ते पाहतात.

एवढा काथ्याकूट कशाला, असे कुणी म्हणेल. चार घटका करमणूक व्हावी म्हणून माणूस प्रवासवर्णन वाचतो. खरे आहे. पण माझ्या मनात 2019 चा ऑगस्ट आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली आणि आमच्या सांगलीत घरांबरोबर पुस्तकेही बुडाली. पाणी ओसरल्यावर मी माझे कपाट उघडले, तेव्हा खालच्या दोन फळ्यांवर नुसता लगदा होता. शाळेची जुनी वार्षिके त्यातच गेली. माझा आगाशिवाचा लेखही गेला. त्याचे मला दुःख झाले नाही. दुःख झाले ते याचे, की आजीचे वाक्य मी लिहिले असते तर ते कुणीतरी वाचले असते, कुणाच्या तरी ध्यानात राहिले असते.

चान चानचेही तसेच आहे. 1986 साली त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत आले आणि त्याच वर्षी संकटग्रस्त वारशाच्याही. कोरड्या हवेत टिकलेल्या त्या मातीच्या भिंतींना भय आहे पावसाचे. एरवी तिथे पाऊस नसतोच, पण काही वर्षांनी समुद्र तापतो, एल निनो येतो आणि मुसळधार कोसळतो. 2017 साली तसा तो त्या भागात कोसळला होता. भिंतींवर मासे आहेत, पक्षी आहेत, जाळ्यांची नक्षी आहे. माणसे छपरे घालून त्या जपत आहेत. तरीही उद्या त्यातली एखादी विरघळली, तर तिच्याविषयी कुणी काय लिहून ठेवले आहे, हे पाहावे लागेल. त्या वेळी 'शब्द अपुरे पडतात' या वाक्याचा काय उपयोग?

गोडसे भटजी अजून वाचले जातात ते याचमुळे. आपण इतिहास पाहतो आहोत याचे ओझे त्यांनी बाळगले नाही. भूक, तहान, भय आणि दक्षिणा यांची त्यांना शुद्ध होती. म्हणून त्यांच्या लेखणीतली झाशी अजून उभी आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी गठ्ठा परत दिला. तांबड्या रेघा पाहून पोरीचा चेहरा उतरला. मग तिने खोडलेले कोळ्याचे पान मी पहिले करून लावले आहे हे तिच्या लक्षात आले. थोडा वेळ ती वाचत बसली. नंतर म्हणाली, "काका, आणि तुमच्या आजीचं काय? ते कधी लिहिणार?"

माझे गुडघे आता आगाशिव चढू देत नाहीत. पण लिहायला गुडघे लागत नाहीत, ही सबब तिने अगोदरच काढून घेतली होती. पुतणीचा लेख तपासता तपासता माझा राहिलेला लेख असा लिहून झाला. त्या टाक्यापाशी तुमच्यापैकी कुणी गेलात, तर घटकाभर टेका. आणि शेजारी कुणी म्हातारी बसली असेल तर वही मिटून ती काय म्हणते ते आधी ऐका.