बाजार म्हणजे ग्रामसभा नव्हे

एरिक रेमंड या अमेरिकन प्रोग्रॅमरने मे १९९७ मध्ये जर्मनीतील वुर्झबर्ग येथे भरलेल्या लिनक्स परिषदेत एक निबंध वाचला. 'कॅथेड्रल आणि बाजार' हे त्याचे नाव. १९९९ साली तो पुस्तकरूपाने निघाला आणि संगणकाच्या व्यवसायात नसलेल्यांनीही तो वाचला. भाषा चुरचुरीत आहे, लेखकाने स्वतः केलेल्या प्रयोगाची हकीकत त्यात आहे. अकरावी-बारावीच्या हुशार मुलांच्या हाती जरूर द्यावा. मात्र हा निबंध आणि त्याभोवती झालेला प्रचार यांतून एक समजूत रूढ झाली आहे. ती अशी, की ज्या सॉफ्टवेअरचे मूळ लिखाण सर्वांना खुले ते लोकशाहीला धरून, आणि ज्याचे बंद ते लोकशाहीच्या विरोधी. या समजुतीचा पहिला अर्धा भाग आम्हाला मान्य नाही.

आधी 'मूळ लिखाण' म्हणजे काय ते पाहू. प्रोग्रॅमर जे लिहितो ते दुसऱ्या प्रोग्रॅमरला वाचता येते. त्याला सोर्स कोड म्हणतात. हे लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवले, की शून्य आणि एक यांच्या रांगा उरतात. आपण विकत घेतो त्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला फक्त या रांगा मिळतात. विद्यार्थ्याने गणिताच्या सगळ्या पायऱ्या खोडून केवळ शेवटचे उत्तर दाखवावे, तसा हा प्रकार आहे. उत्तर बरोबर असेलही, पण ते कसे आले हे विचारायची सोय राहत नाही.

रेमंड यांचे म्हणणे थोडक्यात असे : सॉफ्टवेअर बांधण्याच्या दोन रीती आहेत. एक कॅथेड्रलची, म्हणजे मोजक्या कुशल कारागिरांनी बंद आवारात, वास्तू पूर्ण होईपर्यंत कोणाला आत न घेता काम करण्याची. दुसरी बाजाराची. तेथे अर्धेकच्चे कामही लगेच लोकांपुढे मांडायचे, ज्याला जे दोष दिसतील ते त्याने सांगायचे, जमल्यास दुरुस्त करायचे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ पासून लिनक्स याच रीतीने वाढवले. रेमंड यांनी टपाल उतरवून घेणाऱ्या एका लहानशा प्रोग्रॅमवर ती रीत करून पाहिली आणि ती यशस्वी झाली. पाहणारे डोळे पुरेसे असतील तर कोणताही दोष फार काळ लपून राहत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पुष्कळ जण निबंध न वाचताच असे धरून चालतात, की यातील कॅथेड्रल म्हणजे मोठ्या नफेखोर कंपन्या. प्रत्यक्षात रेमंड यांच्या डोळ्यांसमोर होते ते ग्नू प्रकल्पातील काम. म्हणजे ज्याचे लिखाण आधीपासूनच खुले होते तेच. खुले लिखाण आणि खुली कार्यपद्धती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे निबंधाने स्वतःच दाखवून दिले होते. वाचकांनी मात्र त्या पुन्हा एक करून टाकल्या.

ग्नू प्रकल्पाचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन. त्यांची कथा एका छापयंत्रापासून सुरू होते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक नवे लेझर छापयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडकत असे. जुन्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमन यांनी अशी भर घातली होती, की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना संगणकावर निरोप जाई. नव्या यंत्राचे मूळ लिखाणच मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातील ज्या संशोधकाकडे ते होते त्यानेही नकार दिला, कारण ते कोणाला न देण्याचा करार त्याने केला होता. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नूची घोषणा केली आणि पुढे चार स्वातंत्र्ये मांडली : सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी चालवण्याचे, ते अभ्यासून बदलण्याचे, त्याच्या प्रती वाटण्याचे, आणि बदललेली प्रतही वाटण्याचे.

इंग्रजीत त्यांनी निवडलेल्या शब्दाचे 'फुकट' आणि 'मुक्त' असे दोन्ही अर्थ होत असल्याने त्यांना जन्मभर खुलासे करावे लागले आहेत. मराठीत दोन शब्द वेगळे असल्याने आपण या कटकटीतून सुटलो. फेब्रुवारी १९९८ मध्ये रेमंड आणि त्यांच्या मित्रांनी 'मुक्त' ऐवजी 'ओपन सोर्स' हे नाव चालवले. उद्देश उघड होता. स्वातंत्र्याची भाषा ऐकून कंपन्या बिचकतात. त्यांना कार्यक्षमतेची भाषा सांगावी. स्टॉलमन यांना हे पटले नाही. त्यांच्या मते बंद सॉफ्टवेअर उत्तम चालले तरी ते अन्यायकारकच. रेमंड यांच्या मते बंद रीत वाईट, कारण तिच्यातून माल कमी दर्जाचा निघतो. हा भेद शब्दांचा नाही. एक पक्ष नागरिकाचा हक्क मागतो, दुसरा गिऱ्हाइकाचा फायदा दाखवतो.

आम्हाला स्टॉलमन यांचा पक्ष अधिक जवळचा वाटतो, आणि त्याला मराठीतलेच कारण आहे. १९९० च्या दशकात मराठी टंकनाच्या प्रणाली पुष्कळ होत्या आणि अक्षरांचे सांकेतिक क्रमांक प्रत्येकीचे निराळे. एका प्रणालीत लिहिलेली प्रश्नपत्रिका दुसरीत उघडली, की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसे. आमच्या कपाटात त्या काळच्या काही फ्लॉप्या आहेत. मजकूर आमचा, भाषा आमची, पण किल्ली दुसऱ्याकडे होती आणि तो दुकान बंद करून निघून गेला. युनिकोड रुळल्यावर हा त्रास संपला, पण गेलेला मजकूर परत आला नाही. केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या आयटी अॅट स्कूल प्रकल्पात पुढे मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले आणि शिक्षकांनीच शिक्षकांना ते शिकवले; त्यामागील शहाणपण या अनुभवानंतर सहज कळते.

तरीही लोकशाहीचा दावा त्यातून सिद्ध होत नाही. बाजारात कोणालाही जाता येते हे खरे, पण बाजार म्हणजे ग्रामसभा नव्हे. ग्रामसभेत ज्याला शेतीतले काही कळत नाही त्यालाही हात वर करण्याचा हक्क असतो, आणि सरपंच बदलता येतो. लिनक्सच्या गाभ्यात काय जाईल याचा शेवटचा शब्द टोरवाल्ड्स यांचा आहे. त्यांना कोणी निवडून दिलेले नाही. पायथन ही संगणकभाषा आज अनेक शाळांत शिकवली जाते. तिचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांना तर 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' ही पदवीच थट्टेने बहाल झाली होती. जुलै २०१८ मध्ये एका वादानंतर ते कंटाळून बाजूला झाले आणि २०१९ पासून पाच जणांचे निवडून आलेले मंडळ कारभार पाहते. डेबियन या प्रकल्पाने १९९८ मध्ये चक्क राज्यघटना केली. तेथे दरवर्षी नेत्याची निवडणूक होते आणि मते पसंतिक्रमाने, अठराव्या शतकातील फ्रेंच गणिती काँदोर्से यांच्या पद्धतीने मोजतात. हा उपक्रम खरोखर कौतुकास्पद आहे. पण तेथेही मत आहे ते काम करणाऱ्या सभासदांना; वापरणाऱ्या लाखोंना नाही.

यावर पुरस्कर्ते म्हणतात, की निर्णय पटला नाही तर लिखाण उचला आणि वेगळी चूल मांडा. परवाना तशी मुभा देतो. मुभा आहे खरी, आणि तिचा धाकही असतो. पण वेगळी चूल मांडायला सरपण लागते, आणि ते प्रोग्रॅमरपाशीच असते. शिवाय नागरिकाला राज्यातून असे उठून जाता येत नाही.

पुरेशा डोळ्यांचे म्हणणेही पुढे सैल पडले. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या खुल्या प्रणालीतला 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघड झाला. जगभरातील असंख्य संकेतस्थळांची गुप्तता या प्रणालीवर अवलंबून होती. दोष दोन वर्षे सर्वांच्या समोर पडून होता; लिखाण खुले होते, पण ते सांभाळणारी माणसे मूठभर होती. मार्च २०२४ मधील 'एक्सझेड'चे प्रकरण त्याहून बोलके आहे. कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ निष्ठेने काम करून विश्वास मिळवला आणि मग चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. संगणकात प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या चिकित्सेपोटी. खुलेपणामुळे त्याला शोध घेता आला, हे मान्य केले पाहिजे. पण असा चिवट माणूस योग्य वेळी भेटेलच, ही हमी कोणता परवाना देतो?

या सर्व वादाची खरी कसोटी मतदानयंत्रावर लागते, कारण तेथे सॉफ्टवेअर आणि लोकशाही यांची गाठ उपमेपुरती नसते, प्रत्यक्षच असते. नेदरलँड्समध्ये २००६ साली काही कार्यकर्त्यांनी तेथील मतदानयंत्र मिळवले आणि हे यंत्र मते मोजण्याखेरीज काही करू शकत नाही या दाव्याला उत्तर म्हणून त्याला बुद्धिबळ खेळायला लावले. तो देश पुढे कागद-पेन्सिलीकडे परतला. जर्मनीत २००५ च्या निवडणुकीत सुमारे वीस लाख मतदारांनी तशाच बनावटीच्या यंत्रांवर मतदान केले होते. ३ मार्च २००९ रोजी तेथील घटनात्मक न्यायालयाने त्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. गैरप्रकार सिद्ध झाला होता असे नाही. न्यायालयाचे म्हणणे असे, की मतदानाचे आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय, पडताळता आले पाहिजेत.

हा निकष बंद सॉफ्टवेअरला जसा लागतो तसाच खुल्यालाही लागतो, आणि प्रचारकांच्या नजरेतून हेच निसटते. एस्टोनिया २००५ पासून इंटरनेटवरून मतदान घेतो. २०१३ मध्ये त्याने मते मोजणाऱ्या संगणकाकडील लिखाण प्रसिद्ध केले. स्वागतार्ह गोष्ट. पण तेथील भाजीवाल्याच्या दृष्टीने विश्वास ठेवायचा तज्ज्ञ तेवढा बदलला; विश्वास ठेवावा लागणे तसेच राहिले. रॉन रिव्हेस्ट आणि जॉन वॅक यांनी २००६ मध्ये याहून नेमकी अट सुचवली : सॉफ्टवेअरमधील लक्षात न आलेल्या बदलामुळे निकालात लक्षात न येणारा बदल घडता कामा नये. म्हणजेच सॉफ्टवेअर खुले असो वा बंद, त्याच्याबाहेरचा एक स्वतंत्र पुरावा हवा.

आपल्याकडील यंत्रे पहिल्यांदा १९८२ मध्ये केरळातील परवूर विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीत ५० केंद्रांवर वापरली गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द केले, पण कारण यंत्राचे नव्हते. कायद्यात तशी तरतूदच नव्हती. ती १९८९ पासून झाली. २००४ ची लोकसभा निवडणूक सर्वत्र यंत्रांवर झाली. यंत्रातील मूळ लिखाण खुले केलेले नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयाने कागदी चिठ्ठीचा, म्हणजे व्हीव्हीपॅटचा आदेश दिला. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहिल्या जातात. सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. पराभूत उमेदवाराला काही यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली, पण ती तपासणी करणार यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांचेच अभियंते. आमच्या मते लिखाण खुले करण्याच्या मागणीइतकेच लक्ष या तरतुदीकडे जायला हवे होते.

आपल्यापैकी अनेकांनी केंद्राध्यक्ष म्हणून पहाटे अभिरूप मतदान घेतलेले आहे. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मते टाकायची, चिठ्ठ्या आणि आकडा जुळवायचा, मग यंत्र पुन्हा शून्यावर आणायचे. समोर बसलेल्या प्रतिनिधीला प्रोग्रॅमची एक ओळ वाचता येत नसते, पण पन्नास चिठ्ठ्या मोजता येतात. तो त्या मोजून सही करतो.

पाच केंद्रे पुरेशी आहेत का, याचे गणित मात्र राजकीय सभेत होत नाही. ते वर्गात होऊ शकते. समजा, एका विधानसभा क्षेत्रात ३०० केंद्रे आहेत आणि त्यांपैकी तीन ठिकाणची यंत्रे सदोष आहेत. चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाचांत सदोष यंत्र एकही न येण्याची शक्यता (२९५ × २९४ × २९३) ÷ (३०० × २९९ × २९८), म्हणजे सुमारे ०.९५. दोष सापडण्याची शक्यता वीसात एक. पण तेवढेच दोष दहा क्षेत्रांत असतील तर कोठेतरी सापडण्याची शक्यता सुमारे ४० टक्के होते, आणि पन्नास क्षेत्रांत असतील तर ९० टक्क्यांच्या वर जाते. एखाद्या चुरशीच्या जागेबद्दल शंका घेणारा आणि देशव्यापी गडबड लपणार नाही असे म्हणणारा, दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्या क्षेत्रातील केंद्रांची खरी संख्या घालून मुलांना हे गणित करू द्यावे, आणि पाचाऐवजी वीस केंद्रे घेतली तर काय होते तेही काढायला सांगावे.