खुलाशांच्या ओझ्याखाली परीकथा

ग्रिम बंधूंच्या कथेवर नवा चित्रपट आला की मूळ कथेची मोडतोड झाली, ही ओरड ठरलेली. पण मूळ म्हणायचे कशाला? संग्रहाचा पहिला खंड १८१२ सालचा, सातवी आवृत्ती १८५७ ची; मधल्या काळात विल्हेल्म ग्रिम कथांवरून सतत हात फिरवत होता. पहिल्या आवृत्तीत स्नो व्हाइटच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९ मध्ये तिची सावत्र आई झाली. अंगातले कपडे घट्ट का होतात, असे भाबडेपणाने विचारणारी गरोदर रापुन्झेलही पुढे सोवळी करण्यात आली. कथा पुरवणारेही सगळे खेडूत नव्हते. कासेलच्या हासेनफ्लुग घराण्यातल्या शिकलेल्या मुली त्यांत होत्या. रूपांतर हा या कथांचा बाटलेपणा नव्हे, जन्मस्वभाव आहे.

म्हणून काहीही खपवून घ्यावे असे मात्र नाही. स्विस अभ्यासक माक्स ल्यूथी यांनी १९४७ साली दाखवून दिले की लोककथेतल्या पात्रांना मानसिक खोली नसते. राणी मत्सरी असते; का, ते कोणी विचारत नाही. माझ्या मते रूपांतर फसते ते कथानक बदलल्याने नव्हे, या सपाटपणावर खुलाशांचे थर चढवल्याने. लोटे रायनिगरने १९२२ च्या छायाकृतींच्या चित्रपटात सिंड्रेलाच्या सावत्र बहिणीला बुटासाठी पाऊल कापताना दाखवले. काळ्या कागदाच्या आकृतीला चेहऱ्यावरचे भाव नाहीत, त्यामुळे क्रौर्य दिसते पण किळसवाणे होत नाही. मुलांसाठी क्रौर्य गाळावेच लागते, या सबबीला याहून चोख उत्तर मला ठाऊक नाही.

संगीतकार हुंपरडिंकच्या ‘हेन्झेल उंड ग्रेटेल’ या ऑपेराने माझे म्हणणे अडचणीत येते खरे. १८९३ साली वायमारमध्ये रिखार्ड श्ट्राउसच्या संचालनाखाली तो प्रथम झाला. संहिता हुंपरडिंकची बहीण आडेलहाइड वेटे हिची, आणि तिने आईला चक्क माफ करून टाकले: गरिबीने पिचलेली बाई रागाच्या भरात मुलांना स्ट्रॉबेरी वेचायला रानात पिटाळते, एवढेच. हा खुलासाच की! तरीही ऑपेरा टिकला, कारण सौम्यपणा घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. चेटकिणीला कसलेही बालपण दिलेले नाही. ती मुले खाते, बस्स. रानाची भीती वाद्यवृंद सांभाळतो, आणि स्वरांना कारणे द्यावी लागत नाहीत.

दीड-दोन तासांच्या चित्रपटाला मात्र पात्रांचे हेतू लागतातच, असा आक्षेप येईल. २०१२ सालचे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. ‘स्नो व्हाइट अँड द हंट्समन’ राणीला जखमी बालपण बहाल करतो आणि तिची दहशत घालवून बसतो. पाब्लो बेर्हेरचा स्पॅनिश मूकपट ‘ब्लांकानिएवेस’ कथा थेट बैलझुंजीच्या रिंगणात नेतो, बुटक्यांनाही मॅटाडोर करतो. पण सावत्र आईच्या हावेची वकिली करत नाही. इतका दूर जाऊनही तो ग्रिमच्या जवळचा वाटतो. पूर्व जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकियाने मिळून केलेला १९७३ चा ‘सिंड्रेलासाठी तीन हेझलनट’ हेच करतो: नायिकेला घोडा आणि तिरकमान मिळते, सावत्र आई होती तशीच राहते. जर्मनीत आजही नाताळात तो आवडीने पाहिला जातो. तिथली एआरडी वाहिनी २००८ पासून नाताळासाठी साधारण तासाभराचे नवे परीकथापट करते आहे. त्यांच्या मर्यादित वेळेत खुलाशांना जागा कमीच असते. ती जागा नायक-नायिकेच्या सलगीला देण्याऐवजी थोड्या भीतीला दिली, तर मोठ्या खर्चाच्या हॉलिवूडपटांपेक्षा हे छोटे चित्रपट कितीतरी पुढे जातील.