संमतीपत्रावर सही कोणाची?
एका संसदीय अहवालाचे चिकित्सक वाचन

संशोधनातील नीतिमत्ता शिकविताना अमेरिकेतील टस्कीगी येथील प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. दाखला योग्यच आहे. परंतु तो परक्या देशाचा असल्याने विद्यार्थ्यांना दूरचा वाटतो. त्याहून जवळचा दस्तऐवज उपलब्ध आहे. तो म्हणजे आरोग्य व कुटुंब कल्याण खात्याशी संलग्न संसदीय स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये सादर केलेला ७२ वा अहवाल.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी एच.पी.व्ही. लस २००९ साली आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षे वयाच्या हजारो मुलींना देण्यात आली. 'पाथ' ही अमेरिकन संस्था आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांचा हा संयुक्त प्रकल्प होता. सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. म्हणून येथे विचारात घ्यायची बाब लसीचे गुणदोष ही नसून परवानगी कोणाकडून घेतली ही आहे.

अहवालाचे पहिले बलस्थान म्हणजे शब्दांची चिकित्सा. प्रकल्पाला 'प्रात्यक्षिक' म्हटले की तो वैद्यकीय चाचणी ठरत नाही, हा युक्तिवाद समितीने फेटाळला. नाव बदलल्याने कृतीचे स्वरूप बदलत नाही. 'हा केवळ वर्गातील प्रकल्प आहे, संशोधन नव्हे' असे म्हणणाऱ्या महाविद्यालयांनाही हा निष्कर्ष लागू पडतो.

दुसरे बलस्थान म्हणजे सह्यांची मोजणी. आंध्र प्रदेशातील ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृह-अधीक्षकांच्या सह्या होत्या, तर १,९४८ पत्रांवर अंगठे होते. म्हणजे सुमारे २९ टक्के मुलींच्या बाबतीत सही करणारी व्यक्ती आई-वडील नव्हे, तर संस्थेची कर्मचारी होती.

मात्र येथेच अहवालाची एक मर्यादाही दिसते. सही आणि अंगठा हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याने ते एकाच दोषाचे पुरावे असल्याचा समज होतो. वस्तुतः निरक्षर पालकाचा अंगठा हा आपोआप दोष ठरत नाही. त्याच्या भाषेत सर्व समजावून सांगितले असेल आणि निःपक्ष साक्षीदार हजर असेल, तर तो अंगठा पूर्ण संमती असतो. उलट, अधीक्षकाची सुवाच्य सही ही संमती ठरत नाही. निरक्षरतेपेक्षा अधिकाराचा वापर गंभीर आहे, हा भेद अहवालाने ठळक करावयास हवा होता.

दुसरी उणीव अशी की, अहवालाचा भर पालक आणि संस्था यांवर आहे. मुलीच्या स्वतःच्या होकाराला त्यात तेवढे स्थान मिळत नाही. ही उणीव आयुर्विज्ञान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या साहाय्याने भरून काढता येते. त्यांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार अपेक्षित आहे. समूहाच्या प्रमुखाची परवानगी व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, हेही तेथे स्पष्ट आहे.

हा शेवटचा मुद्दा महाविद्यालयीन अध्यापकांसाठी कळीचा आहे. बी.एड. किंवा समाजशास्त्राचा विद्यार्थी प्रश्नावली घेऊन शाळेत जातो, मुख्याध्यापकांचे पत्र मिळवितो आणि संमतीचे काम संपले असे मानतो. वस्तीत गेल्यास जमातीच्या सदर साहेबांचा शब्द पुरेसा समजला जातो. त्यांच्या शब्दाने दार उघडते. पण घरातील स्त्रीने तलाकविषयी, कर्जाविषयी वा आजाराविषयी बोलावे की नाही, हे त्या शब्दाने ठरत नाही. विद्यार्थी त्याच मोहल्ल्यातला असेल तर नकार देणे तिला अधिकच कठीण जाते आणि सांगितलेली गोष्ट चार घरांत पोहोचण्याचा धोकाही वाढतो.

म्हणून प्रबंधिकेचा आराखडा मंजूर करताना अध्यापकाने विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारावेत: परवानगी कोणी दिली, संमती कोणी दिली, आणि उत्तर देणाऱ्या व्यक्तीला 'नाही' म्हणण्याची मोकळीक होती काय? तिन्ही उत्तरांत एकच मुख्याध्यापक किंवा एकच सदर येत असेल, तर आराखडा परत पाठवावा.